वळणाची भिंत

११ फेब्रुवारी १९७८

आज आमच्या मुख्य आर्किटेक्टने, हॅलमसाहेबाने, मला केबिनमध्ये बोलावलं आणि पाठोपाठ इलियासलाही. आम्हा दोघांना एकदम बोलावणं आलं की अख्खं ऑफिस माना वर करून बघतं. कोंबड्यांची झुंज फुकटात बघायला कोणाला नको असते?

आत अबू सालेम बसले होते. कतारमधले मोटारींचे मोठे व्यापारी. लहानपणी बापाबरोबर मोत्यांच्या धंद्यासाठी मुंबईला यायचे, म्हणून हिंदी झकास बोलतात. संगमरवर बघायला इटलीला गेले होते, तिथून रोममधल्या चर्चचे रंगीत फोटो घेऊन आले आहेत. ते टेबलावर पसरून म्हणाले, चर्च नको, घरच हवं, पण आत शिरलं की माणसाची मान आपोआप वर गेली पाहिजे. जागा अल सद्दला, चांगली ऐसपैस.

हॅलमने मूळ डिझाइन माझ्याकडे दिलं आणि आतले तपशील इलियासकडे. अबू सालेम गेल्यावर म्हणाला की लंडनहून सीनियर डिझायनरची एकच जागा मंजूर झाली आहे, आणि ती कोणाला द्यायची हे तो या घरावरून ठरवणार. जागेबरोबर फॅमिली व्हिसा आणि फ्लॅट आहे. इलियासला त्याचं काय? त्याचा मेहुणा इथे दुकानदार आहे, त्याच्या खटपटीने बायको आधीच आली आहे. माझी अंजना साताऱ्याला आणि मी अल नस्रच्या खोलीत. पोरगी मला ‘कतारवाले बाबा’ म्हणते, जणू घरी आणखी एखादे बाबा आहेत.

पण वहीत तरी खरं लिहावं. फ्लॅट हवाच आहे, पण त्याहून मला नाव हवं आहे. पाच वर्षं मी इथे घरं काढतो आहे आणि प्रत्येक नकाशाखाली सही हॅलमची. गावातल्या निम्म्या चांगल्या घरांना माझे जिने आहेत आणि ते एकालाही ठाऊक नाही. या वेळी मी गप्प बसणार नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसातलं रोमवरचं जाडजूड पुस्तक खोलीवर आणलं आणि दिवसभर वाचलं. तीनशे वर्षांपूर्वी त्या एका शहरात दोन आर्किटेक्ट होते. बर्निनी हा गोड बोलणारा, पोपच्या गळ्यातला ताईत, सगळी मोठी कामं त्याला. आणि बोरोमिनी, मूळचा पाथरवट, घुम्या, तऱ्हेवाईक, दगडी भिंतींनाही लाटेसारखं आत-बाहेर वळवणारा. आधी बर्निनीच्या हाताखाली राबला. काम याने करायचं आणि कौतुक त्याचं व्हायचं, असं त्याला जन्मभर वाटत राहिलं. शेवटी तो स्वतःच्याच तलवारीवर पडून मेला.

हा मी आहे. आणि बर्निनी कोण ते सांगायला नको. इलियास परकार, मूळ रत्नागिरीचा, कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे. मी ज्या बक्षिसासाठी वर्षभर राबलो ते त्याने एका सुट्टीत काढलेल्या चित्रांवर नेलं. इथेही माझ्या आधी आला. अत्तर लावून येतो, हॅलमशी इंग्रजीत विनोद करतो आणि दुसऱ्याच्या टेबलाशी थांबून म्हणतो, ‘छान आहे हं,’ की ते ऐकून ड्रॉइंग फाडावंसं वाटावं.

धोंडीरामला ही गोष्ट सांगितली. हा माझा खोलीतला सोबती, ऑफिसचाच ड्रायव्हर, कराडकडचा. त्याने भात उपसता उपसता सगळं ऐकलं आणि विचारलं, “मंग त्यो तलवारीवर पडल्यावर फुडली कामं कुनी केली, सायेब?” मी म्हटलं, दुसऱ्याने. “मंग काय फायदा?” म्हणाला. याला कलेतलं काय कळणार?

५ मार्च

झालं. आज घराचा मध्य सापडला. दारातून आत आलं की एक लंबगोल हॉल, त्याच्या भिंतीला धरून वर जाणारा जिना आणि वर घुमट. घुमटाच्या गळ्याशी खिडक्या अशा लपवल्या आहेत की उजेड कुठून येतो ते दिसत नाही, नुसता उतरतो. जिन्याची पायरी खाली रुंद आहे आणि वर जाताना निमुळती होते, त्यामुळे जिना आहे त्याहून उंच वाटतो. हॉलच्या उजव्या अंगाला मजलिस, म्हणजे पुरुष पाहुण्यांची बैठक, दार थेट हॉलमध्ये.

अंजनाला पत्रात जिन्याचं चित्र काढून पाठवलं. तिला नकाशा कळत नाही, पण जिना कोणालाही कळतो. लिहिलं की यावर तू एकदा चढशील.

१४ मार्च

माझा आज जाहीर अपमान झाला.

अबू सालेम आले. पुठ्ठ्याचं मॉडेल मी स्वतः केलं होतं. टॉर्च लावून घुमटातून उजेड पाडून दाखवला. ते लहान मुलासारखे मॉडेलभोवती फिरले, खाली वाकून दारातून आत डोकावले आणि ‘माशाल्ला’ म्हणाले. हॅलमचा चेहरा खुलला होता. इतक्यात इलियास, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, पेन्सिलीचं टोक मजलिसच्या दाराशी टेकवून हिंदीत म्हणाला, “मेहमान यहाँ बैठा है, दरवाज़ा खुला है. उसी वक़्त घर की कोई औरत सीढ़ी से उतरी, तो?”

अबू सालेम आधी हसले आणि मग हसायचे थांबले. त्यांनी मॉडेलकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा डोळ्यांत मघाचं काही उरलं नव्हतं. त्या जिन्यावर उभं राहिलं की बाई अख्ख्या मजलिसच्या समोर येते, जणू नाटकाच्या स्टेजवर. पाच वर्षं या देशात काढून माझ्या ते लक्षात आलं नाही, हे खरं आहे. पण ते इलियासच्या तर आधीच लक्षात आलं होतं ना? मग मला टेबलाशी येऊन सांगायला तोंडाला काय झालं होतं? त्याने चारचौघांत सांगितलं, कारण त्याला घर नीट करायचं नव्हतं, मला खाली पाडायचं होतं.

मी ऑफिसाबाहेर त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, “आधी सांगायला आलो असतो तर तू मला सांगू दिलं असतंस?”

२० मार्च

मी मजलिसचं दार फिरवून पाहिलं. हॉलमध्ये लाकडी पडदा टाकून पाहिला. सरळ भिंत घातली, तर हॉल रेशनच्या दुकानासारखा दिसायला लागला. काहीही केलं तरी लंबगोल मरतो.

आज इलियासने एक ट्रेसिंग पेपर आणून माझ्या प्लॅनवर ठेवला. एकच रेघ होती. हॉलच्या एका टोकाला सुरू होऊन आत वळणारी, मग बाहेर, पुन्हा आत. ही भिंत पाहुण्याला हाताला धरून मजलिसपर्यंत नेते, आणि तिच्यामागे जिना आणि घरची माणसं सुरक्षित. छतापर्यंत जात नाही, त्यामुळे घुमटाचा उजेड तिच्यावरून पलीकडे सांडतो. पाहुण्याला उजेड दिसतो, जिना दिसत नाही.

हॅलम कागदावर वाकला आणि म्हणाला, “बोरोमिनी.”

त्याला बोरोमिनी म्हणाला. इलियासला! ज्याने आयुष्यात कधी इस्त्री मोडलेला शर्ट घातला नाही त्याला. मी पुस्तक परत कपाटात ठेवून दिलं.

२३ मार्च

विशेष काही नाही. इलियास खुशीत होता, एवढंच वाईट.

४ एप्रिल

भिंत पास झाली. माझा जिना आता तिच्यामागे गेला. म्हणजे ज्याला जिन्यातलं कळेल असा एकही पाहुणा तो बघणार नाही. उजेड माझा, घुमट माझा, आणि लोक म्हणणार, काय सुंदर भिंत आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

आणि त्याची काम करायची पद्धत बघा. तय्यबाभाभी, त्याची बायको, अबू सालेमच्या घरच्या बायकांचे कपडे शिवते. हा तिला रोज काहीतरी विचारायला सांगतो आणि ती तिकडून उत्तरं आणते. मी ऑफिसात सर्वांदेखत म्हटलं की आता आर्किटेक्चर शिलाई मशिनीवर चालणार म्हणायचं. सगळे हसले. तोही हसला. त्याच्या हसण्याचा मला संताप येतो.

९ ऑगस्ट

रमजान सुरू आहे. साइटवर दुपारी काम बंद, हवा इतकी दमट की ट्रेसिंग पेपर हाताला चिकटतो. भिंतीचे ब्लॉक छातीएवढे चढले आहेत.

आज इलियासने इफ्तारला बोलावलं. जायचं नव्हतं, पण तय्यबाभाभीचा निरोप होता, तिला नाही म्हणवत नाही. मटणाबरोबर तिने माझ्यासाठी सांदणं केली होती. कोकणातून आणलेला तांदूळ, म्हणाली. दारातूनच अंजनाची चौकशी केली. “वहिनींना कधी आणताव? माज्याशी मराठी बोलूक इथं कोन नाय,” म्हणाली. मी म्हटलं, तुमच्या नवऱ्याने ठरवलं तर येईल. ती गोंधळून त्याच्याकडे बघायला लागली. मला नंतर वाईट वाटलं.

जेवणावर भिंतीचं निघालंच. भिंत फार जाड आहे, माझ्या हॉलची जागा खाते. मी म्हटलं, एसीचा डक्ट न्यायला एवढी पोकळी कशाला? अर्धी कर. तो म्हणाला, एक इंचही कमी होणार नाही. का, तर “कामाची आहे.” एवढंच. नीट सांगेल तर शपथ. स्वतःच्या हुशारीवर झाकण ठेवून दुसऱ्याला वास घ्यायला लावायचा, ही त्याची जुनी खोड. मीही पुन्हा विचारणार नाही.

१२ नोव्हेंबर

इलियासचे वडील गेले. तार आली आणि तो तय्यबाभाभीला घेऊन रत्नागिरीला निघाला. जमिनीची, बहिणींची निस्तरानिस्तर आहे, दोन-तीन महिने लागतील. एअरपोर्टवर सोडायला मी आणि धोंडीराम गेलो. तो म्हणाला, भिंतीच्या आतल्या बाजूचं जिप्समचं काम मी पुरं करून घेतलंय, बाहेरच्या बाजूचं तेवढं बघ. आवाज बसलेला होता. वडिलांचं दुःख मी समजू शकतो. मी त्याला मिठी मारली आणि ती खरी होती.

२५ डिसेंबर

दीड महिना मी त्या भिंतीशी उभा आहे. बाहेरच्या बाजूचं वळण गवंड्यांकडून तीनदा फोडून घेतलं. इलियासच्या ड्रॉइंगमधल्या जाळ्या भिंतीत जिथल्या तिथे बसवून घेतल्या. धुळीने खोकला झाला. आतल्या बाजूला मात्र जाता येत नाही. अबू सालेमच्या म्हाताऱ्या आईला घाई आहे, म्हणून बायकांची बाजू त्यांनी आधीच ताब्यात घेऊन सामान लावायला सुरुवात केली. मधल्या दाराला कुलूप. माझा जिना कुलपात आणि मी बाहेर.

आज उन्हं कलताना हॉलमध्ये एकटा होतो. घुमटातला उजेड भिंतीच्या माथ्यावरून असा ओघळला की मला बसावंच लागलं. मनात आलं, ही भिंत आता त्याची एकट्याची कुठे राहिली? रेघ त्याने मारली असेल. उभी कोणी केली?

६ जानेवारी १९७९

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

लंडनच्या एका व्यावसायिक मासिकाला अबू सालेमच्या घराचे फोटो हवे आहेत. त्यांचा फोटोग्राफर येऊन गेला. जिना घरच्यांच्या बाजूला म्हणून तो काढता आला नाही, हॉल आणि भिंत काढली. आज हॅलमने विचारलं, डिझायनर म्हणून कोणाचं नाव द्यायचं, ते एकच छापतात. आणि म्हणाला, ही भिंत मूळ कोणाची होती रे? आता आठवत नाही.

त्याला खरंच आठवत नव्हतं. दिवसातून दहा घरं बघणारा माणूस. मी म्हटलं, ती माझ्या हॉलमधूनच निघाली. यात एक अक्षर खोटं नाही. माझा लंबगोल नसता तर त्याची रेघ कुठे वळली असती? हवेत?

हॅलमने माझं नाव लिहिलं. स्पेलिंग विचारलं आणि मी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं.

खोलीवर येऊन धोंडीरामला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, “इलियाससायबांना ठावं हाय का?” मी म्हटलं, तो आल्यावर बोलेन.

२१ फेब्रुवारी

इलियास आला. वाळला आहे. मासिकाचा अंक त्याच्या आधी तीन दिवस आला होता आणि ऑफिसात सगळ्यांच्या हातून फिरून मळला होता. पानभर फोटोत ती भिंत आणि खाली: डिझाइन, एस. निकम.

त्याने मला प्रिंटरूममध्ये गाठलं. नकाशांच्या प्रिंट काढायच्या अमोनियाने तिथे नेहमीच डोळ्यांत पाणी येतं. मी तयारीत होतो. तो ओरडेल, हॅलमकडे जाईल, मग मी हॉलचं, जिन्याचं, त्या दीड महिन्याच्या धुळीचं सगळं काढणार होतो.

तो म्हणाला, “शहाजी, तुझा जिना मी कधी माझा म्हटला?”

मी म्हटलं, नाही.

“मग झालं,” म्हणाला आणि प्रिंट गुंडाळून निघून गेला.

हॅलमकडे तो गेला नाही. म्हणजे त्यालाही आतून ठाऊक आहे की भिंत निखळ त्याची नाही. खरी असती तर माणूस भांडला असता. मी भांडलो असतो.

१० मार्च

इलियासने राजीनामा दिला, बहारीनला चालला. हॅलमने कारण विचारलं तेव्हा म्हणाला, तिथला समुद्र जास्त चांगला आहे. शेवटपर्यंत तोरा. सीनियरची जागा मला मिळाली. ऑफिसने पेढ्याऐवजी केक कापला. धोंडीराम इलियास आणि तय्यबाभाभीला एअरपोर्टवर सोडायला गेला. मलाही जायचं होतं, पण मीटिंग होती. मीटिंग पुढे ढकलता आली असती, पण मी ढकलली नाही.

इतका आनंद व्हायला हवा होता आणि झाला नाही. दमलो असेन.

२५ मे

अबू सालेमच्या घराची मोठी मेजवानी झाली. त्यांनी मला मजलिसमध्ये शेजारी बसवलं, स्वतःच्या हाताने मटणाचा तुकडा पानात टाकला आणि सर्वांना सांगितलं, हा आमचा मुहंदिस, इंजिनिअर. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, घरातल्या बायका त्या मुहंदिसाला रोज दुवा देतात, आईसुद्धा.

बायकांनी जिना ओळखला! शेवटी त्यांच्याच तर बाजूला आहे तो. मी म्हटलं, जिन्याला फार जीव लावला होता. ते जरा चमकल्यासारखे झाले आणि मग म्हणाले, हो हो, जिनाही अच्छा आहे.

त्यांच्या धाकट्या भावाला दुहैलला घर बांधायचं आहे. त्याची एकच अट आहे, अशीच भिंत हवी.

३० जून

भिंत जमत नाही. पहिली काढली ती गांडुळासारखी. दुसरी अजून वाईट. हॅलम म्हणाला, अरे, तुझीच भिंत आहे, तूच पुन्हा काढ. हे तो साधेपणाने म्हणाला की टोमणा मारला, ते कळायला मार्ग नाही.

२८ जुलै

अखेर जुन्या प्रिंटवरून तीच रेघ जशीच्या तशी उचलली, इंच अन् इंच. जाडी मात्र अर्धी केली, डक्टला तेवढी पुरते, आणि वाचलेली जागा हॉलला दिली. खरं तर मूळ भिंतीपेक्षा ही सुधारलेली आहे.

१९ ऑगस्ट

धाकट्या भावाने नकाशे परत पाठवले. घरातल्यांना पसंत नाही, म्हणे. काय पसंत नाही? ते सांगत नाही. दुसऱ्याच्या घरातल्या बायकांना काय हवं ते पुढे विचारणं म्हणजे इथे अब्रूवर हात टाकणं. मी विचारणार कोणाला आणि कोणामार्फत? इलियासचं बरं होतं.

रेघ तीच, वळण तेच, आणि तरी नको. गाढवाला गुळाची चव काय! हॅलम हल्ली माझ्या टेबलाशी थांबून काही न बोलता पुढे जातो. लंडनहून विचारणा आली आहे की ‘त्या भिंतीचा’ डिझायनर आता काय करतो आहे. पूर्वी मला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा निदान जे काढायचो ते जमत तरी होतं.

४ ऑक्टोबर

अंजना आणि मुक्ता आल्या. अल सद्दचा फ्लॅट बघून अंजना या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होती. मुक्ताने पहिल्यांदा मला नुसतं बाबा म्हटलं. एवढ्यासाठी मी काय काय सोसलं ते मलाच ठाऊक.

रात्री जेवताना अंजना म्हणाली, तय्यबाभाभींना भेटायचंय, तुम्ही पत्रात किती लिहायचात. मी म्हटलं, ते बहारीनला गेले. का गेले विचारलं, तर म्हटलं, तिथला समुद्र चांगला आहे.

१७ नोव्हेंबर

काल अबू सालेमकडे आम्हा तिघांना जेवायला बोलावलं होतं. अंजना आणि मुक्ता बायकांच्या दाराने आत गेल्या, मी मजलिसमध्ये.

कुवेतचे काही पाहुणे आले होते. अबू सालेमनी दार सताड उघडं टाकून त्यांना भिंत दाखवली आणि मला म्हणाले, ही कशी सुचली ते सांगा. मीही खुलून सांगितलं. समुद्राकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर उभा होतो, समोरून एक डाऊ, म्हणजे इथलं शिडाचं गलबत, येत होती, शिडात वारा भरला होता, आणि त्या शिडाचं वळण डोक्यात बसलं. अबू सालेम एकेक वाक्य अरबीत सांगत होते. पाहुणे माना डोलवत होते. मी हात करून हवेत वळण काढून दाखवलं. असं काही घडलं नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण अशा गोष्टी असं काहीतरी ऐकल्याशिवाय लोकांना समजत नाहीत.

परत येताना मुक्ता मागच्या सीटवर झोपली. अंजना खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, कंटाळलीस का?

“त्या भिंतीच्या आत बसायची जागा आहे,” ती म्हणाली.

मला कळेना. मग तिने सांगितलं. भिंत आतून पोकळ आहे, आणि सगळ्या वळणाला धरून आत गाद्यांची बैठक आहे. बसलेल्या बाईच्या डोळ्यांशी जाळी येते. पोरांसाठी त्याहून खाली वेगळी. अबू सालेमच्या म्हाताऱ्या आईला दूरचं दिसत नाही, म्हणून भिंत जिथे मजलिसकडे सर्वांत पुढे येते तिथे तिची जागा. जुन्या घरात पाहुणे आले की या बायका मागच्या खोलीत कोंडलेल्या असायच्या, बाहेर काय चाललंय त्याचा पत्ता नसायचा. आता त्या मांडीला मांडी लावून बसतात, सगळं बघतात, सगळं ऐकतात आणि त्यांना कोणी बघत नाही. घरातल्या थोरल्या सुनेला हिंदी येतं, ती अंजनाला सांगत होती. तय्यबाभाभी शिवणाची टेप घेऊन आल्या होत्या आणि एकेकीला खाली बसवून जमिनीपासून डोळ्यांपर्यंतचं माप घेऊन गेल्या होत्या. म्हातारीचंसुद्धा. सगळ्याजणी अजून भाभींची आठवण काढतात, त्यांचा नवरा किती गुणी म्हणतात.

मला वाटलं होतं ती जाडी डक्टसाठी आहे. बाहेरच्या जाळ्या मी स्वतः उभं राहून बसवून घेतल्या. मला वाटलं, हवेसाठी आणि शोभेसाठी.

“तूही तिथेच बसली होतीस?” मी विचारलं.

“हो. म्हातारीने मला जवळ बसवलं. तुम्ही अगदी समोर होतात.”

“मग ते...”

“शिडाचं ना? ऐकलं. तुमचं हिंदी मला कळलं आणि अबू सालेमांचं अरबी त्या सगळ्याजणींना.”

“काय म्हणाल्या त्या?”

“काही नाही. हसल्या.”

काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणूनही, मी विचारलं, “आणि जिना? जिना पाहिलास?”

“पाहिला ना. वरपर्यंत चढून आले. तुम्ही चित्र पाठवलं होतंत तसाच आहे. इतकं सुंदर काही मी अजून पाहिलं नाही,” ती म्हणाली. “मी खाली आले आणि त्यांना म्हटलं, भिंतीचं मला ठाऊक नाही, पण हा जिना माझ्या घरच्यांनी केलाय.”

“मग?”

“म्हातारीने विचारलं, हाही का? आणि पुन्हा सगळ्या हसल्या. मी पुष्कळ सांगितलं, मुक्ताची शपथ घेतली. पण त्यांना ते खरं वाटलं नाही.”